उत्तर कळल्यावर काय करणार?

(मंडळाच्या गणेशोत्सवात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याच्या ओघातली भाषा बरीचशी तशीच ठेवली आहे.)



आरती झालेली आहे आणि सगळ्यांचं लक्ष आता प्रसादाच्या रांगेकडे आहे याची मला कल्पना आहे, त्यामुळे दहा-बारा मिनिटांत आटोपतो. संयोजकांनी 'कुठल्याही विषयावर बोला' असं सांगितलं, तेव्हा त्यांना वाटलं असणार की हा कॉम्प्युटरवाला माणूस, कॉम्प्युटरवरच बोलणार! पण मी आज बोलणार आहे कुत्र्याच्या आजारपणावर. नेमकं सांगायचं तर, कुत्रा आजारी पडल्यावर डॉक्टर ज्या महागड्या टेस्ट्स सुचवतात, त्या करायच्या की नाही हे ठरवायचं कसं, यावर.

विषय विचित्र वाटेल, पण आपल्यातल्या कितीतरी घरांत २०२०च्या लॉकडाऊनमध्ये मुलांच्या हट्टापायी पिल्लं आली. ती आता पोक्त झाली आहेत. हा प्रश्न पुढच्या काही वर्षांत त्या प्रत्येक घराचं दार वाजवणार आहे.

आपल्या लहानपणी हा प्रश्नच नव्हता. कुत्रं अंगणात असायचं, उरलेली भाकरी खायचं, आणि आजारी पडलं तर कोपऱ्यात जाऊन पडायचं. गावात डॉक्टर असलेच तर ते 'गुरांचे डॉक्टर', आणि त्यांचा सगळा वेळ बैल आणि म्हशींसाठी. मुंबईचं तसं नव्हतं म्हणा. परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट प्राण्यांचं हॉस्पिटल एकोणिसाव्या शतकातलं आणि बॉम्बे व्हेटरनरी कॉलेज १८८६ सालचं. पण सामान्य घरात 'सीटी स्कॅन करायचा का?' असा प्रश्न पडत नव्हता, कारण तो स्कॅनच नव्हता. पर्याय आले आणि त्यांच्याबरोबर निर्णयही आले.

त्यात आपल्याला इथे एनएचएसची सवय. माणसाच्या बाबतीत डॉक्टर म्हणाले 'स्कॅन करू', की आपण फक्त विचारतो, 'तारीख कधीची?' प्राण्यांना एनएचएस नाही. प्रत्येक टेस्टला किंमत आहे, वर वीस टक्के व्हॅट आहे, आणि 'हो' किंवा 'नाही' हे टेबलाच्या अलीकडे बसलेल्या आपल्याला म्हणायचं असतं.

आता आमच्या घरची गोष्ट सांगतो. आमचा बंड्या, लॅब्रॅडोर, वय दहा. मर्सी नदीच्या काठाने रोज तासभर फिरणारा गडी एके दिवशी अर्ध्या वाटेत खाली बसला. मग तेच रोज व्हायला लागलं, खाणंही कमी झालं. व्हेटनी पोट चाचपलं, रक्त तपासलं, अल्ट्रासाऊंड केला. प्लीहेवर मोसंबीएवढी गाठ. गाठ फुटलेली नव्हती, पोटात रक्तस्राव नव्हता.

व्हेटनी पुढच्या टेस्ट्सची यादी दिली. छातीचा एक्स-रे, हृदयाचा अल्ट्रासाऊंड आणि रेफरल हॉस्पिटलमध्ये संपूर्ण सीटी स्कॅन. तीन हजार चारशे पौंडांचा अंदाज, नुसत्या टेस्ट्सचा. ऑपरेशन वेगळं, आणखी तीन हजारांच्या वर. आमच्या इन्शुरन्सची वर्षाची मर्यादा होती चार हजार! म्हणजे टेस्ट्सवर सगळं घालवलं तर ऑपरेशन जवळजवळ खिशातून. पुढच्याच महिन्यात मॉर्गेजचा हप्ता वाढणार होता. दोन्ही मिळून सात लाख रुपयांच्या वर. रुपयात गुणाकार करायचा नाही असं आपण ठरवतो, पण मन गुणाकार करतंच.

घरी आल्यावर सौ. म्हणाली, "सगळ्या करून टाकू, नंतर मनाला लागायला नको." माझा धंदा सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्याचा. आमच्यात एक नियम आहे: तपास करण्याआधी ठरवायचं की निकाल असा आला तर काय करू आणि तसा आला तर काय करू. दोन्ही वेळेला एकच गोष्ट करणार असू, तर तो तपास क्लायंटच्या पैशाने केलेली करमणूक! मी म्हटलं, हाच प्रश्न डॉक्टरांना विचारून बघू.

दुसऱ्या दिवशी विचारलं, "सीटीमध्ये काय दिसलं, तर तुम्ही ऑपरेशन करू नका म्हणाल?" त्या म्हणाल्या, "फुफ्फुसात, यकृतात किंवा हृदयात पसरलेलं दिसलं तर." "गाठ साधी आहे की कॅन्सरची, हे सीटीत कळेल?" "खात्रीने नाही. ते गाठ काढून लॅबमध्ये पाठवल्यावरच." "मग सुईने नमुना?" "प्लीहेतून बहुतेक रक्तच येतं, उत्तर क्वचित नीट मिळतं, आणि रक्तस्रावाचा धोका." "मग पसरलंय का, एवढंच बघायला सीटीपेक्षा स्वस्त काही?" "छातीचा एक्स-रे, आणि यकृत व हृदय अल्ट्रासाऊंडने पुन्हा नीट बघणं. बारीक डाग सुटतील, मोठे दिसतील."

बघा, पाच मिनिटांच्या या बोलण्यात यादीचा अर्थच बदलला. डॉक्टरांनी काही लपवलं नव्हतं. आम्ही विचारलं, त्यांनी सांगितलं. आकडेवारीही त्यांनी समजावली. प्लीहेच्या गाठींचा जुना ढोबळ हिशेब असा की तीनातल्या दोन कॅन्सरच्या, आणि त्यातल्या परत तीनात दोन हिमँजिओसार्कोमा नावाच्या वाईट जातीच्या. पण रक्तस्राव न होता सहज सापडलेल्या गाठींमध्ये साध्या गाठींचं प्रमाण बरंच जास्त असतं. काही न करता सोडली, तर गाठ एक दिवस फुटून आत रक्तस्राव होण्याची भीती.

रात्री सांगलीला आईला फोन केला. आई म्हणाली, "बाळ, त्याला विचारायची सोय नाही. मग त्याला किती टोचायचं, ते तुम्ही त्याच्या वतीने ठरवायचं." आम्ही सगळे खर्चाचंच बोलत होतो. ज्याच्या अंगाला सुया लागणार होत्या, त्याचा विचार आईने केला. दर टेस्टला उपाशी ठेवणं, भूल, अनोळखी पिंजरा हेही त्या बिलातच धरायला हवं होतं.

आम्ही एक्स-रे आणि अल्ट्रासाऊंड केले, सुमारे सहाशे पौंडांत. कुठे पसरलेलं दिसलं नाही. ऑपरेशन झालं. आठवड्याने रिपोर्ट आला: हिमँजिओसार्कोमा. नुसत्या ऑपरेशनने साधारण एक ते तीन महिने आणि केमोथेरपीने चार ते सहा, असं सांगण्यात आलं. पुन्हा टेस्ट्स, पुन्हा तोच प्रश्न. या वेळी आम्ही 'नको' म्हटलं. बंड्या अकरा आठवडे जगला. त्यातले दहा आठवडे तो नदीवर येत होता. शेवटच्या दिवशी लेक त्याच्याजवळ बसली होती आणि तिने एकच विचारलं, "त्याला दुखत नाहीये ना?" तिला खरं उत्तर देता आलं: "नाही."

सीटी केला असता तर? कदाचित बारीक डाग दिसले असते आणि ऑपरेशन टळलं असतं. कदाचित काहीच दिसलं नसतं आणि तेच ऑपरेशन झालं असतं. हे कधीच कळणार नाही. निर्णय चांगला की वाईट हे त्या दिवशी हातात काय माहिती होती यावर ठरतं, पुढे काय घडलं यावर नाही. हे मला नोकरीत माहीत होतं, घरात ते पटायला वेळ लागला.

तर माझ्या अनुभवातून तीन प्रश्न सांगतो, डायरीत लिहून ठेवा. पहिला: या टेस्टच्या निकालाने पुढचा उपचार बदलणार आहे का? दुसरा: हेच कळायला आधी करण्यासारखी साधी, स्वस्त टेस्ट आहे का, आणि चार दिवस थांबलं तर धोका काय? तिसरा: निकाल वाईट आला, तर तो उपचार आपण करणार आहोत का? म्हणजे पैशानेही, आणि जनावराच्या वयाने, स्वभावानेही. तिसऱ्याचं उत्तर मनापासून 'नाही' असेल, तर टेस्ट न करता त्याला आराम देणं हासुद्धा उपचारच आहे. व्हेट लोक स्वतःही आता 'सगळ्यांना एकच उत्तम उपचार' याऐवजी त्या घराच्या परिस्थितीला शोभेल अशा उपचाराची भाषा बोलतात. तेव्हा "आमचं बजेट इतकं आहे, त्यात काय चांगलं करता येईल?" हे विचारायला लाजू नका.

पण एक सावधगिरी. हिरड्या पांढऱ्या पडल्या, कुत्रा कोसळला, पोट एकदम फुगलं, ओकारी काढतोय पण काही पडत नाही, किंवा बोक्याला लघवी होत नाही, तर कसले प्रश्न आणि कसली डायरी! गाडी काढा आणि थेट इमर्जन्सीला जा.

पैशाचंही थोडं. इथल्या स्पर्धा आयोगाने, म्हणजे सीएमएने, सप्टेंबर २०२३मध्ये व्हेट व्यवसायाकडे लक्ष घातलं आणि मे २०२४मध्ये रीतसर चौकशी सुरू केली. २०१३मध्ये सुमारे दहा टक्के दवाखाने मोठ्या कंपन्यांच्या हातात होते, ते प्रमाण साठ टक्क्यांच्या आसपास गेलं. २०१६ ते २०२३ या काळात दर ६३ टक्क्यांनी वाढले, असं आयोगाने ऑक्टोबर २०२५च्या प्राथमिक निष्कर्षात म्हटलं. म्हणून विचारा: हा दवाखाना कोणत्या कंपनीचा? ज्या हॉस्पिटलकडे पाठवताय तेही त्यांचंच का? अंदाजपत्रक लेखी मागा. औषधाची चिठ्ठी घेऊन औषध बाहेरूनही घेता येतं. समोरच्या तरुण व्हेटवर मात्र राग काढू नका, दर ती ठरवत नाही.

इन्शुरन्स पिल्लू निरोगी असतानाच घ्या, आधीचा आजार धरत नाहीत. आणि वर्षाची मर्यादा वाचा. खरंच अडचण असेल तर पीडीएसए आहे. १९१७ साली लंडनच्या व्हाइटचॅपेलमध्ये मरिया डिकिन नावाच्या बाईंनी गरिबांच्या जनावरांसाठी ती सुरू केली. ठरावीक सरकारी मदत मिळणाऱ्यांना तिथे मोफत किंवा कमी दरात उपचार मिळतात, आणि आपल्या मँचेस्टरमध्येही त्यांचं हॉस्पिटल आहे.

शेवटी, आपल्या माणसांचा प्रश्न. "कुत्र्यावर एवढे पैसे? तेवढ्यात गावाकडे एका पोराचं शिक्षण झालं असतं!" हा टोमणा फोनवर येतोच. मी त्याला खोटं म्हणत नाही. पण आपल्याकडेच नामदेवांची गोष्ट आहे. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे ते तुपाची वाटी घेऊन धावले, कोरडी भाकरी त्याला लागू नये म्हणून. (त्यांना वर व्हॅट नव्हता, हे खरं!) आणि सप्टेंबर २०१४मध्ये हार्परहे इथल्या मँचेस्टर डॉग्ज होमला आग लागून साठेक कुत्री गेली, तेव्हा लोकांनी काही दिवसांत दहा लाख पौंडांच्या वर रक्कम जमवली. 

उलट पैसा कितीही असला तरी सगळं होतंच असंही नाही. रतन टाटांनी आपल्या कुत्र्याला सांध्याच्या ऑपरेशनसाठी थेट अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात नेलं होतं. तोवर उशीर झाला होता, सांधा बदलता आला नाही, एका स्थितीत पक्का करावा लागला. हे त्यांनीच सांगितलं होतं. पुढे २०२४मध्ये मुंबईत महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचं प्राण्यांचं मोठं हॉस्पिटल सुरू झालं. म्हणजे आता तिकडच्या आपल्या भावंडांनाही हाच प्रश्न पडणार: "सीटी करू का?"

त्यांचा फोन आला तर 'हो' किंवा 'नाही' सांगू नका. एवढंच विचारा, "उत्तर कळल्यावर काय करणार आहेस?" बाकीचं ते स्वतः ठरवतील.

चला, मोदक थांबलेत. गणपती बाप्पा मोरया!