किल्लारीने शिकविलेले माप

(सुवर्णमहोत्सवी सभेतील भाषण)

‘आपत्ती आणि आपले कर्तव्य’ या विषयावर मी बोलावे, अशी आज्ञा झाली. मी विद्वान नाही. कापड दुकानाच्या गादीवर आयुष्य घालविलेला माणूस आहे. म्हणून ग्रंथातील विवेचन जाणकारांवर सोपवून किल्लारीच्या भूकंपानंतर जे पाहिले, तेवढेच आपल्यापुढे ठेवतो.

गुरुवार, ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. दिगंबर बांधवांच्या दशलक्षण पर्वाची सांगता झालेली, आणि गणपती विसर्जन आटोपून गावे उशिरा निजलेली. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी धरणी हादरली आणि लातूर जिल्ह्यातील औसा व तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातील उमरगा परिसरातील ५२ गावे जमीनदोस्त झाली. हजारो माणसे झोपेतच गेली.

चौथ्या दिवशी मनमाडहून निघालेल्या मदतीच्या ट्रकबरोबर आम्ही सहा जण तेथे पोहोचलो. तेव्हा मी पस्तिशीत होतो. पाऊस लागलेला होता. रस्ता कोठे आणि घर कोठे, हे ओळखू येत नव्हते. सास्तूरजवळ एक वृद्ध शेतकरी दगडांच्या ढिगावर बसले होते. त्यांनी सांगितले, “आधी जमिनीखालून गाडी गेल्यासारखा आवाज झाला. उभं राहावं तर पाय ठरेना. मग माळवदाची माती अंगावर आली आणि धुळीनं काहीच दिसेना.” थोडे थांबून ते म्हणाले, “शेठजी, ज्याचा वाडा मोठा, त्याच्या घरी दिवा लावायला कुणी राहिलं नाही. छपरातली माणसं मात्र वाचली.”

हे वाक्य मी आजवर विसरलो नाही. या भूकंपाची तीव्रता सुमारे ६.२ होती. जगात याहून मोठे धक्के अनेक झाले, पण तेथे इतकी प्राणहानी झाली नाही. येथे केंद्र जमिनीखाली फार खोल नव्हते, वेळ गाढ झोपेची होती आणि घरे दगडमातीची होती. दोन-अडीच फूट रुंदीच्या भिंती, बाहेरून-आतून दगडांचे दोन थर, मध्ये खडे व माती, वर लाकडांवर टाकलेले मातीचे जड माळवद. भिंत रुंद असली तरी दोन्ही थरांना एकत्र धरणारे आरपार दगड नव्हते. हादरा बसताच थर फाकले आणि माळवद खाली आले. पिढ्यान्पिढ्या ज्याला ऐश्वर्य समजले, तोच भार काळ ठरला. दख्खनचा काळा कातळ अढळ, अशी आपली समजूत होती. अंकाई-टंकाईची लेणी ज्या कातळात कोरली, तोच दख्खनचा पाषाण किल्लारीच्याही खाली आहे.

आता मदतीविषयी. तेथे जुन्या कपड्यांचे ढीग पावसात भिजत पडलेले मी पाहिले. पाठविणाऱ्यांची भावना शुद्ध होती. परंतु त्या दिवसांत हवी होती ताडपत्री, पत्रे, घोंगड्या, कंदील, आणि सांगताना कंठ दाटतो, प्रेतांसाठी मांजरपाट. आमच्या ट्रकमधील मांजरपाटाचे तागे पहिल्याच तासात संपले. गिऱ्हाइकाने माप सांगितल्यावाचून कापड फाडू नये, हा आमच्या धंद्याचा पहिला नियम. दानालाही तोच लागू आहे. आपल्याकडे काय शिल्लक आहे हे पाहण्याआधी समोरच्याला काय हवे आहे, हे विचारावे.

दुसरी गोष्ट काळाची. पहिल्या आठवड्यात ट्रकांची रांग लागते, दिवाळीपर्यंत ती ओसरते. दुःख मात्र तेथेच राहते. म्हणून शांतिलालजी मुथ्था यांच्या पुढाकाराने भारतीय जैन संघटनेने जे केले, ते मला फार मोठे वाटते. त्यांनी भूकंपग्रस्त भागातील सुमारे १,२०० मुलांना पुण्यास आणून त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी घेतली. ब्लँकेट एका दिवसात देता येते. मूल शिकवायला वर्षे द्यावी लागतात. अनुकंपेची खरी परीक्षा वर्तमानपत्रातून बातमी नाहीशी झाल्यानंतर सुरू होते.

बंधू-भगिनींनो, पन्नास वर्षांच्या वाटचालीत आपल्या संस्थेने अनेक आपत्तींत हात पुढे केला आहे. पुढील काळासाठी माझ्या दोन नम्र सूचना आहेत. पहिली, आपल्या गावातील जुन्या दगडी वास्तूंची, आपल्या घरांपासून धर्मशाळांपर्यंत, जाणत्या अभियंत्याकडून तपासणी करून घ्यावी. किल्लारीनंतर त्या भागात भिंतींत आरपार दगड बसवून व सिमेंट-सळईचे पट्टे देऊन अशी घरे बळकट करण्याचे काम शासनाने हाती घेतले होते. ते उपाय आपल्याही आवाक्यातले आहेत. दुसरी, आपत्तीसाठी जमा होणाऱ्या निधीचा निम्मा भाग सहा महिन्यांनंतरच्या गरजांसाठी राखून ठेवावा. तेव्हा मागणारा कोणी दाराशी येत नाही; आपल्यालाच त्याच्या दाराशी जावे लागते.

भूकंप थांबविणे मनुष्याच्या हाती नाही. भिंत कशी बांधावी आणि दुसऱ्याच्या संकटात किती काळ सोबत राहावे, हे मात्र आपल्याच हाती आहे.