पहिल्या पानावर चार ओळी हव्यात
(लखनौ येथील कामगार सभेत केलेले भाषण)



पगार, बढती, पेन्शन यांवर आपण नेहमी बोलतो. आज आम्ही आपल्या शिकणाऱ्या मुलामुलींबद्दल बोलणार आहोत.

कामगाराची मुलगी कॉलेजात जाते. तिच्यावर अत्याचार झाला तर आधी तिचा वर्ग सुटतो. हजेरी कमी पडते, परीक्षा बुडते. घरी मात्र 'अभ्यास झेपला नाही' एवढेच कळते.

नियम नाहीत असे नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक कॉलेजात अंतर्गत तक्रार समिती हवी. तक्रारदाराला तीन महिन्यांपर्यंत रजा मिळू शकते. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे, त्याला तिचे पेपर तपासू न देण्याची तरतूद आहे. काही मुलगे व तृतीयपंथी विद्यार्थीही अत्याचाराला बळी पडतात, हेही त्यात मान्य केले आहे.

ही माहिती प्रवेशाच्या माहितीपत्रकात छापावी असा नियम आहे. पण प्रवेशानंतर ते कोण उघडतो? याच लखनौत २०१२ साली १०९० ही महिलांसाठीची पोलीस फोनसेवा सुरू झाली. आज इथल्या एका चौकालाच लोक '१०९० चौराहा' म्हणतात. डोळ्यांसमोर असलेला नंबर तोंडपाठ होतो.

विद्यार्थ्याच्या डोळ्यांसमोर असतो तो अभ्यासक्रम. म्हणून त्याच्या पहिल्या पानावर साध्या भाषेत लिहा : 'कोणाही विद्यार्थ्यावर असा प्रसंग आला तर दोष त्याचा नाही, तिचा नाही. तक्रार इथे करा. हजेरी-परीक्षेची अडचण सांगा. सगळी हकिगत सांगण्याची सक्ती नाही.'

आणि वर्गात अत्याचाराचा खटला शिकवायचा असेल, तर आधी सूचना द्या. काही म्हणतील, हे फाजील लाड आहेत. गाडीवाल्यांना आम्ही विचारतो, कॉशन ऑर्डर दिली म्हणून गाडी रद्द होते का? ड्रायव्हरला पुढचा रस्ता कळतो, इतकेच.

दुसऱ्याला सांगताना आपले घरही पाहू. २०१३ च्या कायद्यात प्रशिक्षणार्थी आणि अप्रेंटिस यांनाही 'कर्मचारी' म्हटले आहे. तेव्हा भुसावळचे रेल्वे प्रशिक्षण केंद्र असो की वडोदऱ्याचे टपाल प्रशिक्षण केंद्र, तिथल्या प्रत्येक पाठ्यपुस्तिकेत ह्या ओळी आल्या पाहिजेत. प्रत्येक शाखेने तसा ठराव करून प्रशासनाकडे पाठवावा.

शाई थोडीच लागेल. पण एखादी पोर शिक्षण सोडणार नाही. यासाठी युनियनने भांडायचे नाही, तर कोणी?

कामगार एकजुटीचा विजय असो!