सिबिल नावाचं प्रगतिपुस्तक
(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिला आहे, 'तुझ्या कामातलं काहीतरी सांग.' मी बँकेत गृहकर्ज विभागात काम करते. गेल्या दोन वर्षांत आपल्याच बॅचच्या पाच-सहा जणांचे मला फोन आले आणि प्रत्येकाने आवाज खाली आणून एकच विचारलं, "अगं, माझं सिबिल खराब आहे. मला घर मिळेल का?" मूळव्याधीबद्दलसुद्धा लोक इतकं हळू बोलत नाहीत! म्हणून आज मी हा विषय मुद्दाम माइकवरून बोलणार आहे.

आपण कुणाकडून किती कर्ज घेतलं आणि हप्ता वेळेवर भरला की नाही, याची नोंद बँका आणि फायनान्स कंपन्या चार संस्थांकडे पाठवतात. त्यातली सिबिल २००० साली सुरू झालेली, म्हणून सगळ्यालाच आपण सिबिल म्हणतो. बाकीच्या तीन एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. गुण ३०० ते ९००च्या दरम्यान असतात. साधारण ७५०च्या पुढे असाल तर बँक खुर्ची देते, चहा विचारते. गंमत म्हणजे यात तुमचा पगार मोजलाच जात नाही. लाखभर पगाराचा माणूस ६००वर आणि छोटा किराणा दुकानदार ७८०वर, असं मी टेबलावर पाहिलेलं आहे.

आता आपल्यातल्याच एकाची गोष्ट. त्याने परवानगी दिली आहे, नाव मी सांगणार नाही. तो आत्ता इथेच बसला आहे. कृपया माना वळवून शोधू नका.

२०२०च्या लॉकडाऊनमध्ये त्याची नोकरी गेली. रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट हप्ते पुढे ढकलायची सवलत दिली होती, पण ती बँकेकडून घ्यावी लागत होती. याने घेतली नाही, नुसते हप्ते थांबले. क्रेडिट कार्डाची थकबाकी ७० हजारांवर गेली. शेवटी वसुलीवाल्याने सांगितलं, "३० हजार भरा, विषय संपवून टाकू." याने बायकोच्या भिशीचे पैसे आणून भरले आणि त्या रात्री शांत झोपला.

विषय संपला नव्हता. रिपोर्टमध्ये त्या खात्यापुढे 'सेटल्ड' असा शब्द लागला. आपल्याला वाटतं सेटल म्हणजे मिटलं. बँक त्याचा अर्थ घेते, या माणसाने पूर्ण पैसे दिले नाहीत. २०२३मध्ये त्याने ४० लाखांचा फ्लॅट पाहिला, ५१ हजार टोकन दिलं आणि कर्ज नाकारलं गेलं. मग घाबरून एकाच महिन्यात आणखी चार ठिकाणी अर्ज केले. अशा प्रत्येक अर्जाची नोंद होते आणि पुढची बँक म्हणते, हा दारोदार का फिरतोय? गुण ६१२वर आले. टोकन गेलं. घरी आठ दिवस त्याने सांगितलंच नाही.

आम्ही पहिल्यांदा चारही संस्थांचे रिपोर्ट काढले. वर्षातून एकदा प्रत्येकीकडून तो फुकट मिळतो आणि स्वतःचा रिपोर्ट स्वतः पाहिल्याने गुण कमी होत नाहीत. त्यात एक दुचाकीचं थकलेलं कर्ज निघालं. याच्याकडे दुचाकीच नाही! मिळत्याजुळत्या नावाच्या भलत्याच माणसाचं कर्ज होतं ते. ऑनलाइन तक्रार केली, महिन्याच्या आत ती नोंद गेली. आता तर नियमच आहे : ३० दिवसांत तक्रार निकालात निघाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई.

मग ते कार्ड. त्याने बँकेला लेखी विचारलं, सोडलेली रक्कम भरतो, खातं 'क्लोज्ड' करून द्याल का? बँक तयार झाली. ४० हजार त्याने पाच महिन्यांत भरले, 'नो ड्यूज'चं पत्र घेतलं आणि रिपोर्टमधला शब्द बदलेपर्यंत पाठपुरावा केला. पैसे भरण्यापेक्षा हा पाठपुरावाच चिकाटीचा असतो.

पण जुनं मिटवून भागत नाही, नवं चांगलं काहीतरी दिसावं लागतं. त्याने २५ हजारांची मुदत ठेव ठेवून तिच्यावर कार्ड घेतलं. त्यावर फक्त किराणा आणि गॅस, कधीही मर्यादेच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा कमी. बिल पूर्ण भरायचं. 'किमान रक्कम' म्हणून खाली जे छापतात तिकडे बघायचंही नाही. रिपोर्टमध्ये मागच्या ३६ महिन्यांचा महिनावार हिशेब दिसतो, त्यामुळे वेळ लागतोच. महिन्यात स्कोअर वाढवून देतो म्हणणारे एजंट फोन करतात, त्यांना एक पैसा देऊ नका.

एकोणीस महिन्यांनी गुण ७५६ झाले.

हे सगळं कशासाठी, तर ३० लाखांचं कर्ज वीस वर्षांसाठी साडेआठ टक्क्यांनी घेतलं तर हप्ता सुमारे २६ हजार, साडेनऊ टक्क्यांनी जवळजवळ २८ हजार. वीस वर्षांत साडेचार लाखांहून जास्त फरक. आणि फ्लॅटची पूर्ण किंमत बँक देत नाहीच. ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला ८० टक्क्यांपर्यंतच मिळते, मुद्रांक शुल्क आणि नोंदणी वेगळी. ज्यांना दोन वर्षांनी घर घ्यायचं आहे, त्यांनी रिपोर्ट याच आठवड्यात काढा. टोकन नंतर.

सरांसाठी एक वाक्य. तुम्ही मंडळींनी आयुष्यभर एकमेकांना जामीन राहून सह्या केल्यात. बँकेच्या कर्जाला जामीन राहिलात तर ते कर्ज तुमच्याही रिपोर्टमध्ये दिसतं आणि कर्जदाराने थकवलं की डाग तुम्हालाही लागतो. वर्षातून एकदा बघून घ्या.

आपल्या त्या मित्राचं वास्तुपूजन गेल्या महिन्यात झालं. नव्या घराचे हप्ते पगाराच्या दुसऱ्या दिवशी जातात, ही तारीख त्याच्या बायकोने ठरवली.

जेवणानंतर मी प्रयोगशाळेशेजारच्या वर्गात चार वाजेपर्यंत बसणार आहे. ज्यांना रिपोर्ट काढायचा असेल त्यांनी मोबाइल आणि पॅनकार्ड घेऊन या. एकेकटे या, दार लावून घेऊ.