माणसाला कामावरून कमी करताना



कामगारांच्या माणसाने नोकरीवरून काढण्याच्या रीतीवर बोलावे, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. आम्ही सातवीत शाळा सोडून लेथवर उभे राहिलो. पुढचे शिक्षण कारखान्याच्या फाटकाशी आणि लेबर कोर्टाच्या व्हरांड्यात झाले. तीस वर्षे लोकांच्या नोकऱ्या वाचविण्यात गेली. पण प्रत्येक नोकरी वाचत नाही, हेही तेथेच कळले. कधी काम आटते, कधी माणूस कामाला पुरा पडत नाही. मग त्याला पाठवायचे कसे, हा प्रश्न उरतो.

एका कारखान्यात बारा वर्षे काम केलेला फिटर सकाळच्या पाळीला आला, तो खणात त्याचे कार्डच नव्हते. पहारेकरी म्हणाला, "साहेबांनी आत सोडू नको म्हणून सांगितलंय." सारी पाळी त्याच्या देखत आत गेली आणि हा हातात डबा घेऊन बाहेर उभा. पुढे भांडून त्याचे पैसे आम्ही मिळवून दिले. तो म्हणाला, "पैसे आले, पण त्या दिवशी भरलेला डबा घेऊन घरी कसा गेलो, ते माझं मला ठाऊक."

कायद्याने किमान मर्यादा घातली आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ साली कपातीची कलमे आली. वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराला एक महिन्याची नोटीस किंवा तितका पगार, पुऱ्या केलेल्या दर वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार, आणि सामान्यतः शेवटी आलेला आधी जावा. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही हीच तत्त्वे राहिली आहेत. गैरवर्तनाचा आरोप असेल तर लेखी आरोपपत्र आणि चौकशी हवी, बाजू मांडण्याची संधी हवी. पण समोर बसवून बोलावे कसे, हे कायदा शिकवीत नाही.

ते आम्हालाही येत नव्हते. आमच्याच युनियनच्या कचेरीत एक कारकून होता. वर्गणीच्या हिशेबात पुन्हा पुन्हा चुका होत. दोनदा सांगून पाहिले. तिसऱ्यांदा धीर झाला नाही. सभेचे निमित्त काढून आम्ही बाहेरगावी गेलो आणि पत्र शिपायाच्या हाती दिले. व्यवस्थापकांना फाटकावर जाब विचारणारे आम्ही, एका कारकुनाला तोंड दाखवू शकलो नाही! महिन्याभराने तो बाजारात भेटला. म्हणाला, "दादा, चूक माझीच होती. तुम्ही समोर बसून सांगितलं असतंत, तर मी चहा पिऊन गेलो असतो." आम्हाला उत्तर सुचले नाही.

आपणांपैकी अनेकांच्या हाताखाली दुकानात, वर्कशॉपात, दवाखान्यात चार माणसे असतील. वेळ आलीच, तर निर्णय पक्का करण्याआधी त्याचे ऐकून घ्या. सांगायचे ते स्वतः, चारचौघांत नव्हे, बसवून सांगा. कारण खरे सांगा. पगार, शिल्लक रजा, लागू असेल ती ग्रॅच्युइटी, सारा हिशेब तयार ठेवा. कामाच्या दाखल्यासाठी खेटे घालायला लावू नका. आणि तो गेल्यावर त्याची निंदा करू नका. मागे राहिलेले कान देऊन असतात. उद्या आपली वेळ आली तर आपली गत काय, ते त्यांना त्यावरून कळते.

नोकरी तुम्ही दिली होती. माणसाची अब्रू त्याने घरून आणली होती. ती त्याला परत घेऊन जाऊ द्या.