पोवाडा आणि ओवी



चीनमध्ये तांग राजवटीच्या काळात (इ.स. 618 ते 907) सीमेवरील सैनिकांच्या कवितेला मोठा बहर आला. त्सेन शेन हा कवी आठव्या शतकाच्या मध्यास दोनदा पश्चिम सीमेवरील छावण्यांत अधिकारी म्हणून राहिला. अकाली कोसळणारे हिम आणि थंडीने ताठरलेली शस्त्रे त्याने प्रत्यक्ष अनुभवली होती. वांग छांगलिंग या कवीने शत्रूला जिंकल्यावाचून न परतण्याचा सैनिकाचा निर्धार वर्णिला. आणि त्याच लेखणीने, पतीला मानसन्मानासाठी रणावर धाडून पस्तावलेली तरुण पत्नीही रंगविली.

आपल्याकडे हा निर्धार पोवाड्याने जपला. पुत्र रायबाचे लग्न बाजूस सारून तानाजी मालुसरे 1670 साली कोंढाण्यावर गेले, ही कथा तुळशीदास शाहिराच्या पोवाड्याने घरोघरी पोहोचविली. 1674 साली नेसरीस प्रतापराव गुजर अवघ्या सहा साथीदारांसह शत्रुसैन्यावर तुटून पडले. त्या सात वीरांना कुसुमाग्रजांच्या कवितेने मराठी मनात कायमचे स्थान दिले. मात्र उरलेल्या सहांच्या घरी त्या रात्री चूल पेटली का, हे कोणी विचारले नाही.

मग मराठी स्त्रीचे दुःख गेले कोठे? ते जात्यावर गेले. दूर गेलेला भाऊ, लेक, धनी यांची आठवण तिने पहाटेच्या अंधारात दळता दळता ओवीत गुंफली. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ यांनी ज्या ओव्यांचे संकलन केले, त्याचा आरंभ मावळ-मुळशीच्या याच डोंगराळ पट्ट्यातून झाला. पुढे तो संग्रह एक लाखाहून अधिक ओव्यांचा झाला. पोवाडा चौकात गायिला गेला, ओवी मात्र घराच्या उंबरठ्याआतच राहिली. वस्तुतः दोन्ही मिळूनच वीरगाथा पूर्ण होते.

1984 पासून आपले जवान सियाचिनच्या हिमात पहारा देत आहेत. 2020 साली गलवानमध्ये 20 जवानांनी प्राणार्पण केले. त्यांचा जयजयकार आपण केला, तो योग्यच होता. परंतु जयघोष विरल्यानंतर त्या घरांत जी शांतता उरते, तिची सोबत कोण करणार?

आज माणच्या शिवारात संगणक कंपन्यांच्या इमारती उभ्या आहेत आणि जाती कोपऱ्यात पडली आहेत. म्हणून एवढेच करावे. गावातील वृद्ध मातांच्या ओठी उरलेल्या ओव्या तरुणांनी उतरवून घ्याव्यात. आणि परिसरातील प्रत्येक जवानाच्या घरी, केवळ 26 जानेवारीस नव्हे, तर सणावारीही कोणीतरी आपुलकीने जावे. सीमेवरच्या पहारेकऱ्याचे मन घराकडून निश्चिंत राखणे, हीदेखील राष्ट्ररक्षाच होय.

भारत माता की जय!