शिक्षकाच्या वेळेचा हिशेब

२००० साली महाराष्ट्रातील मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासून आले. तोवर ते पाचवीपासून होते. श्रीमंत विकत घेतो ती भाषा जिल्हा परिषदेच्या शाळेतील मुलालाही मिळावी, हे मला तेव्हाही मान्य होते. परंतु भाषांतर आणि व्याकरण घोकून परीक्षा उत्तीर्ण झालेल्या शिक्षकाला आपण व्याख्याने ऐकवतो आणि वर्गात इंग्रजी बोलावयास सांगतो. बोलणे ऐकून येत नाही. (माझेही आले नव्हते.) केंद्रशाळेत शिक्षकांनी एकमेकांसमोर पाठ घ्यावेत, चुकावे, पुन्हा घ्यावेत, आणि तेवढे तास माहितीचे तक्ते भरण्यातून वाचवून द्यावेत. पुस्तकछपाईचा खर्च अंदाजपत्रकात दिसतो, हे तास दिसत नाहीत. आपल्या जिल्हा परिषद सदस्यांनी पुढच्या सभेत तेवढेच विचारावे.