रस्त्याला सामोरे जाणारे दुकान

(सुवर्णमहोत्सवानिमित्त निशातगंज येथे दिलेले व्याख्यान)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून साहित्य, संगीत किंवा संतवाङ्मय यांऐवजी दुकानाच्या इमारतीविषयी बोलावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु विषयाची निवड मी विचारपूर्वक केली आहे. परमुलखात येऊन बिर्‍हाड थाटणार्‍या कुटुंबाची त्या गावाशी पहिली ओळख बहुधा बाजारात होते. भाषा अडखळत असते, रस्ते अनोळखी असतात, आणि साबुदाणा कोठे मिळेल, पोहे जाड हवेत की पातळ हे हिंदीत कसे सांगावे, असल्या साध्या प्रश्नांसाठी गृहिणी ज्या उंबरठ्याशी जाऊन उभी राहते तो दुकानाचा उंबरठा असतो. तो उंबरठा आपलेपणाने पुढे येतो की आपल्याला परतवून लावतो, यावर ते गाव आपले होणे पुष्कळसे अवलंबून असते.

आज हा उंबरठा संकटात आहे. फिनिक्स पलासियो २०२० मध्ये आणि लुलू मॉल २०२२ मध्ये शहीद पथालगत उघडल्यापासून लखनौचे गिर्‍हाईक मोटारीत बसून शहराबाहेर जाऊ लागले. निशातगंजसारख्या जुन्या पेठेतील व्यापार्‍याला साहजिकच धास्ती वाटते. मग तो काय करतो? दुकानाच्या दर्शनी भागाला तकतकीत पत्रे ठोकतो, काळी काच बसवितो आणि मजलाभर उंचीचा फलक लावतो. मॉलशी स्पर्धा करावयाची तर मॉलसारखे दिसले पाहिजे, अशी त्याची समजूत. ही समजूत त्याच्या धंद्याला आणि आपल्या पेठेला, दोहोंना मारक आहे, असे माझे मत आहे. त्याची कारणे मी आपल्यापुढे मांडणार आहे.

ज्याला आपण डिपार्टमेंट स्टोअर म्हणतो त्या बहुवस्तु भांडाराचा इतिहास पाहा. पॅरिसच्या बॉन मार्शेला आरिस्तीद बुसिको यांनी १८५२ पासून नवे रूप दिले. ठरीव किंमत, मोकळा प्रवेश आणि काही न घेता परत जाण्याचे स्वातंत्र्य या गोष्टींवर ती दुकानदारी उभी राहिली. लंडनला १९०९ मध्ये सेल्फ्रिज यांनी आपले भांडार उघडले, तेव्हा दुकान बंद झाल्यावरही शोकेसमधील दिवे रात्री तेवत ठेवण्याची प्रथा त्यांनी पाडली. गिर्‍हाईक नव्हे अशा वाटसरूलाही काही तरी पाहावयास मिळाले पाहिजे, हा त्यामागील विचार होता. इमारत भव्य होती हे खरे. पण तिचे यश जमिनीलगतच्या पहिल्या बारा फुटांत होते. माणूस चालताना त्याची नजर त्याहून वर क्वचितच जाते.

डेन्मार्कचे नगररचनाकार यान गेल यांनी या गोष्टीचा अनेक वर्षे अभ्यास केला. त्यांच्या मते शंभर मीटर अंतरात पंधरा ते वीस दुकाने असलेला रस्ता चालणार्‍याला सर्वाधिक रमवितो. याचे गणित सोपे आहे. माणूस मिनिटाला साधारण ऐंशी मीटर चालतो. म्हणजे अशा रस्त्यावर दर चार-पाच सेकंदांनी नवे दार, नवी वस्तू, नवा चेहरा समोर येतो. याउलट शंभर फूट लांबीची काळी काच ओलांडताना त्याला स्वतःच्या प्रतिबिंबाखेरीज काहीच भेटत नाही. मजलाभर उंचीचा फलक वेगाने जाणार्‍या मोटारीसाठी असतो आणि ती मोटार थांबत नाही. जो थांबू शकतो त्या पायी चालणार्‍यासाठी मात्र आपण काहीच ठेवलेले नसते.

आता आपल्या मुंबईकडे वळू. किल्ल्याचे तट पाडल्यावर जो हॉर्नबी रोड, म्हणजे आजचा दादाभाई नौरोजी मार्ग, आकाराला आला, त्यावर इमारत बांधणार्‍यांना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एक अट घालण्यात आली. तळमजल्यावर पादचार्‍यांसाठी कमानींची ओवरी सोडली पाहिजे, ही ती अट. प्रत्येक इमारतीची शैली निराळी, मालक निराळे, तरीही ओवरी मात्र अखंड. व्हाइटअवे लेडलॉ या बड्या विलायती भांडाराची इमारतही याच रस्त्यावर होती. पुढे अनेक दशके तेथे खादी भांडार नांदले. विलायती कापड गेले, खादी आली, तरी इमारत पाडावी लागली नाही.

तथापि विसाव्या शतकाच्या अखेरीस याच कमानी फलकांच्या मागे दडून गेल्या होत्या. कोरीव दगडावर खिळे ठोकलेले, कमानीची गाळणी पत्र्याने बुजविलेली. मुंबईचे वारसा नियम १९९५ मध्ये लागू झाले आणि त्यानंतर वास्तुरचनाकार आभा नारायण लांबा यांनी या रस्त्याचा आराखडा तयार केला. त्यात दुकानदाराला फलक लावू नका असे कोणी सांगितले नाही. फलक कमानीच्या आत, ठरीव आकाराचा लावा, एवढेच सांगितले. दुकानदार आणि रहिवासी यांची संघटना उभी राहिली, समजूत आणि कायदा यांची सांगड घातली गेली, आणि दडलेली इमारत पुन्हा दिसू लागली. युनेस्कोच्या आशिया-प्रशांत वारसा पुरस्कारांतही या कामाची दखल घेण्यात आली.

आपल्या लखनौचे उदाहरण तर गोमती ओलांडली की समोरच आहे. हजरतगंजला दोनशे वर्षे झाल्याच्या निमित्ताने २०१० व २०११ मध्ये त्या पेठेचे नूतनीकरण झाले. जाहिरातींचे अवाढव्य फलक उतरले, दुकानांच्या पाट्या काळ्या-पांढर्‍या रंगात एका मापाच्या झाल्या, दर्शनी भिंतींना एकसारखा रंग आला, पदपथावर बाके आणि जुन्या धर्तीचे दिवे आले. मार्च २०१९ पासून मेट्रोही तेथे थांबू लागली. परिणामी ‘गंजिंग’ हा लखनवी छंद पुन्हा टवटवीत झाला. काहीही खरेदी न करता हजरतगंजात फेरफटका मारणे याला हा शब्द आहे, हे येथे नव्याने आलेल्यांना सांगितले पाहिजे. जो आज नुसता फिरतो तोच उद्या गिर्‍हाईक होतो, हे बुसिको यांना उमगलेले मर्म लखनौला पूर्वीपासूनच ठाऊक आहे.

मग निशातगंजनेही तसाच रंग आणि तशाच पाट्या लावाव्यात काय? माझे उत्तर नकारार्थी आहे. हजरतगंज म्हणजे प्रशस्त रस्त्यावरची रुबाबदार पेठ. निशातगंज ही क्रमांकांच्या गल्ल्यांची, करामत मार्केटची, शाळा-महाविद्यालयांच्या मुलामुलींची आणि रोजच्या गरजांची पेठ. तेथे उड्डाणपुलाखालची गर्दी आहे, सायकलरिक्षा आहेत, हातगाड्या आहेत. तिला हजरतगंजचा पोशाख चढविला तर तो उसना दिसेल. घ्यावयाचे ते तत्त्व, रंग नव्हे.

ते तत्त्व कसे उतरवावे? निशातगंजच्या हमरस्त्यावर कापड, भांडी, खेळणी असे सर्व काही विकणारे एक तीन मजली भांडार आहे आणि त्याचा मालक नूतनीकरण करू इच्छितो, असे समजू. माझा त्याला पहिला सल्ला असा की, वरच्या दोन मजल्यांवर हात राखून खर्च करावा. जुने पत्रे उतरवावेत, खिडक्या उघड्या कराव्यात, गिलावा दुरुस्त करावा, एवढे पुरे. राहिलेला पैसा तळमजल्यावर लावावा.

तेथे सर्वप्रथम सावली हवी. येथील मे महिन्याची लू आपण सारे जाणतो. पारा चाळिशीच्या वर असताना पश्चिमाभिमुख काच म्हणजे भट्टीच होय. मग तिला थंड करण्यासाठी वीज जाळावी लागते. त्यापेक्षा दुकानाची पुढील भिंत सहा-सात फूट मागे घेऊन ओवरी सोडावी. जागा गेली असे मालकाला वाटेल, परंतु उन्हातून आलेला माणूस त्या सावलीत थांबतो आणि थांबलेला माणूस आत पाहतो. आपल्या वाड्यांची देवडी आणि ओटा हेच काम करीत असत.

दुसरी गोष्ट प्रवेशाची. दुकानाला तीन पायर्‍या असल्या तर उंची साधारण ४५ सेंटिमीटर होते. बारास एक या प्रमाणात उतरंड करावयाची म्हटली तर ५.४ मीटर लांबी लागते. ओवरीच्या कडेने ती सहज बसविता येते. दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा २०१६ मध्ये झाला आहे. पण कायद्याचे भय दाखविण्याची गरज पडू नये. गुडघे दुखणार्‍या आजी आणि बाबागाडी ढकलणारी आई ही आपल्याच घरची माणसे आहेत. त्या तीन पायर्‍या त्यांना दारातूनच परत पाठवितात.

तिसरी गोष्ट दृष्टीची. एका लांब काचेऐवजी चार-पाच लहान गाळे करावेत, प्रत्येकात निराळा माल मांडावा, काच स्वच्छ असावी, आणि रात्री आतला एखादा दिवा चालू ठेवावा. जेन जेकब्स यांनी १९६१ मध्ये लिहून ठेवले आहे की, रस्त्यावर लोकांचे डोळे असले की रस्ता सुरक्षित राहतो. क्लासहून सायंकाळी परतणार्‍या आपल्या मुलींसाठी बंद शटरांची रांग आणि उजळलेली शोकेस यांतील अंतर केवढे आहे, हे मी सांगावयास नको.

चौथी गोष्ट पदपथावरच्या विक्रेत्याची. नूतनीकरण म्हटले की प्रथम त्याच्यावर गदा येते. २०१४ च्या कायद्याने त्याच्या उपजीविकेला संरक्षण दिले आहे. शिवाय तो पेठेचा शत्रू नव्हे. अमीनाबादेतील गडबडझाला काय किंवा पुण्याची तुळशीबाग काय, बांगड्या-पिनांच्या त्या दाटीनेच तेथे बायकांची पावले वळतात. ओवरीमुळे पादचार्‍याची वाट मोकळी झाली की विक्रेत्याला पदपथाच्या कडेला ठरीव जागा देणे सोपे होते. दोघांचेही भले एकाच भिंतीला मागे घेतल्याने साधते.

जुन्या वास्तूला नवे जीवन देण्याचा धडा तर एका मराठी माणसाच्या कार्यातून याच शहराला मिळालेला आहे. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नांतून १९२६ मध्ये येथे संगीत महाविद्यालय निघाले आणि पुढे ते कैसरबागेतील वाजिद अली शाहच्या परीखान्यात नांदू लागले. नबाबाच्या वास्तूत सामान्य घरची मुले गाणे शिकू लागली. वास्तू तीच, तिचे दार मात्र अधिक लोकांसाठी उघडले गेले. माझ्या मते नूतनीकरणाची खरी व्याख्या हीच आहे.

व्यापारी म्हणेल, मी माझी सहा फूट जागा रस्त्याला का द्यावी? त्याला माझे उत्तर असे की, मॉल जे देऊ शकत नाही तेवढेच तुझे भांडवल आहे. थंडगार हवा, सरकता जिना आणि मोटारतळ यांत तू त्याच्याशी बरोबरी करू शकणार नाहीस. पण चालत येता येणे, ओळखीने हाक मारली जाणे आणि काही न घेता ओवरीत दोन घटका उभे राहता येणे, या गोष्टी तुझ्याकडे आहेत. रस्त्याकडे पाठ फिरवून तू नेमक्या याच गमावतोस.

आणि आपण गिर्‍हाईक म्हणून अगदीच हतबल नाही. आपल्यापैकी काही कुटुंबांची दुकाने आहेत. खानापूर-आटपाडीकडून आलेल्या गलाई व्यावसायिकांनी तर उत्तरेतील सराफ्यांत पिढ्यान्‌पिढ्या काढल्या आहेत. त्यांनी आपल्या दारापासून आरंभ करावा. बाकीच्यांनी ज्या दुकानात आपण वर्षानुवर्षे जातो तेथील मालकाला पायर्‍यांविषयी आणि फलकांविषयी एक शब्द सांगावा. जुन्या गिर्‍हाइकाचा शब्द तो ऐकतो. मंडळाने व्यापारी संघटनेसह महापालिकेकडे एका गल्लीच्या तोंडापासून दुसर्‍या गल्लीच्या तोंडापर्यंत, केवळ शंभर मीटरांचा, नमुन्याचा पदपथ करण्याची मागणी करावी. शंभर मीटर जमले तर पुढचे शंभर मागावे लागणार नाहीत. शेजारचा दुकानदार आपण होऊन पुढे येईल.

पन्नास वर्षे आपण या शहराचे अन्न खाल्ले. त्याच्या एका पेठेचे उंबरठे सोपे आणि सावलीचे व्हावेत म्हणून आपण झटलो, तर त्या ऋणातून अंशतः तरी उतराई झालो असे म्हणता येईल.